कसबेबाईंची झडती

कसबेबाईंनी मला पहिल्यांदा हात लावला तो कमरेला. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. विश्रांतवाडीतल्या एका बुद्धविहाराच्या दारात त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी चपला काढायला वाकले, तशा उठल्या, दोन्ही हातांनी माझी कंबर चाचपली, ओढणी झटकली आणि माझी पर्स घेऊन सरळ सतरंजीवर उपडी केली. कंपनीचं ओळखपत्र, चार्जर, दोन सेफ्टी पिना, नेलकटर, बाळाचं टोपडं, वार छापलेलं गोळ्यांचं पाकीट. पिना आणि नेलकटर त्यांनी एका स्टीलच्या डब्यात टाकले, गोळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "दोन जास्त हायत. सोमवारची आणि गुरुवारची खाल्ली न्हाईस."

मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून त्यांना दाखवायच्या, याचा मला पगार मिळतो. मला दारात उभी करून कुणी माझी चूक काढावी, तीही नायलॉनची साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज घातलेल्या एका अनोळखी बाईनं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "ही काय पद्धत आहे? मी स्वतःहून आलेय. मला कुणी अटक केलेली नाही."

"अटक न्हाई केली म्हणून तर सामान घेऊन आलीस," बाई म्हणाल्या. "बस आत. जाताना परत मिळंल."

आत सहा जणी बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर बाळ, कुणी एकटीच. दर शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही तिथे जमायचो. बाळंतपणानंतर आमची डोकी बिघडली होती. आमच्या डॉक्टरीणबाई याला 'प्रसूतीनंतरचं नैराश्य' म्हणायच्या. नैराश्य म्हटलं की खिडकीत बसून आसवं गाळणारी बाई डोळ्यांसमोर येते. माझं तसलं काही नव्हतं. मला राग यायचा. रेवा अडीच महिन्यांची होती आणि मी तोवर फ्रिजला लाथ मारून पायाचं बोट मोडून घेतलं होतं, नवऱ्याच्या अंगावर कणकेचं ताट फेकलं होतं आणि रडू आवरायला स्वतःच्या दंडाला इतक्या जोरात चावले होते की दातांची कमान आठवडाभर निळी दिसत होती.

हे सगळं घरच्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट ठाऊक नव्हती. माझ्या सासूबाई मिक्सरमधली चटणी खात नाहीत, म्हणून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही ओट्याखाली पाटा-वरवंटा आहे. त्या वरवंट्याकडे नजर गेली की मला तो रेवाच्या टाळूवर पडताना दिसायचा. दिसायचा म्हणजे अगदी डोळ्यांसमोर, आवाजासकट. मला तसं करायचं नव्हतं. नुसतं दिसलं तरी मी घामेजून जायचे, रेवाला पाळण्यात टाकून दुसऱ्या खोलीत पळायचे आणि कानांवर उशी दाबून धरायचे. पण हे तोंडातून काढलं की दुसऱ्या दिवशी रेवा माझ्याकडून काढून घेतील, एवढी अक्कल मला त्याही अवस्थेत होती. म्हणून मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. घरी मी रेवाला एकटीनं कधी घ्यायचे नाही. सासूबाईंना वाटायचं, ही कामचुकार आहे.

कसबेबाई एकतीस वर्षं निरनिराळ्या गावच्या तुरुंगांत बायकांच्या बराकीवर शिपाई होत्या. निवृत्त झाल्यावर विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि विहार झाडायचं काम हौसेनं करायच्या. आमचा गट डॉक्टरीणबाईंनी सुरू केला तेव्हा बाई दारात केरसुणी घेऊन तीन शनिवार ऐकत उभ्या राहिल्या. डॉक्टर विचारायच्या, "कसं वाटतंय?" बायका म्हणायच्या, "बरंय." चौथ्या शनिवारी बाई केरसुणीसकट आत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, या सगळ्या खोटं बोलतायत." डॉक्टर शहाण्या होत्या. त्यांनी औषधं आणि तपासणी आपल्याकडे ठेवली आणि शनिवारची दुपार बाईंच्या हवाली केली.

बाईंचे प्रश्न तीनच. कशानं, कुठं, किती वाजता. कुणी म्हटलं, "मला कसंतरी होतं हो," की बाई म्हणायच्या, "कसंतरी मला पण होतं, वांगं खाल्लं की. कशानं? कुठं? किती वाजता?" कुणी काळोख, पोकळी, असलं बोलायला लागलं की हात वर करायच्या. "मला जबानी पायजे, कविता नको." मग ती बाई हळूहळू सांगायची. उशीनं. आतल्या खोलीत. सकाळी नवरा कामावर गेला की. सांगताना तिचे दात वाजायचे, आणि सांगून झाल्यावर आम्ही सगळ्या तिच्याकडे बघायचो, तर ती तिथेच बसलेली असायची, आभाळ कोसळलेलं नसायचं. शेजारची म्हणायची, "माझं गॅलरीतून. सकाळी कपडे वाळत घालताना."

जबानी झाली की जप्ती. बाई दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी जाऊन ती वस्तू घेऊन यायच्या आणि वहीचं पान फाडून पावती द्यायच्या. गॅलरी जप्त करता येत नाही, म्हणून त्या घराच्या गॅलरीला त्यांनी स्वतः आणलेलं कुलूप लावलं आणि किल्ली जप्त केली. त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात उशा, एक दोरी, एक कोयता, किल्ल्या, फिनेलची बाटली, आणि प्रत्येक वस्तूला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. तुरुंगात कैदी आत येताना त्याचं सामान असंच जमा करतात आणि सुटकेच्या दिवशी परत देतात. बाईंना तेवढी एकच पद्धत येत होती.

मी तिसऱ्या शनिवारी बोलले. माझ्या आधी नाझिया बोलली होती. येरवड्याची. तिचा नवरा आणि सासरे शिंप्याचं काम करायचे, तीही लग्नाआधीपासून उत्तम शिवायची. तिनं सांगितलं, "कात्रीनं. दुकानात, मशीनपाशी. दुपारी." तिचं ऐकून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वरवंट्यानं. स्वयंपाकघरात. सकाळी साडेआठला, आई चटणी वाटायला बसतात तेव्हा."

मी डोळे मिटून घेतले. आता कुणीतरी किंचाळेल, असं वाटलं. बाई म्हणाल्या, "किती किलोचा हाय?"

"असेल तीन-चार किलोचा."

"उद्या येते न्यायला. रिक्षा करावी लागंल."

आल्याही. सासूबाईंनी दार उघडलं. "वरवंटा? आमचा? कशाला?"

"मिरच्या वाटायच्यात."

"किती दिवस लागतील?"

"मिरच्या लई हायत," बाई म्हणाल्या आणि वरवंटा पिशवीत घालून खांद्याला लावला. जाताना माझ्या हातात पावती कोंबली. जिन्यात जाऊन मी ती वाचली. 'वरवंटा, एक, काळा. जमा करणार, रेवाची आई. कारण, बाळाच्या डोक्यात घालावासा वाटतो. परत, सुटकेच्या दिवशी.' मी धावत खाली गेले. "बाई, कारण कशाला लिहिलंत? कुणाच्या हाताला लागलं तर?"

"कारणाशिवाय जप्ती होत न्हाई," बाई म्हणाल्या. या एका बाबतीत त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. माणूस म्हणून कितीही तयारीच्या असल्या, तरी कागदापुढे त्या शिपाईच होत्या. मी पावती फाडायला हवी होती. पण ती फाडली तर वरवंटा परत येईल असं मला वाटलं, आणि मी ती रेवाच्या लंगोटांच्या पिशवीत तळाशी ठेवली.

पुढच्या शनिवारी नाझिया बाळाला दुपट्यात गुंडाळून आली. बाईंनी तिला चाचपलं, पर्स पाहिली, आत सोडलं. नाझियानं आपली कात्री आदल्या आठवड्यात स्वतः आणून जमा केली होती, म्हणून बाईही निर्धास्त होत्या. ती माझ्या शेजारी बसली आणि दुपटं सोडायला लागली. आत बाळाच्या पाठीशी दुसरी कात्री होती. सासऱ्यांची, मोठी, कापड बेतायची. ती तिनं कुणावर उगारली नाही. आपल्याच मनगटावर ठेवली. मी बाळ ओढून घेतलं आणि बाई दारातून अंग टाकत आल्या. एवढी साठीची बाई सतरंजीवर आडवी पडून नाझियाच्या मुठीला भिडली. नाझिया त्यांच्या हाताला चावली. साधं चावणं नव्हे, दात रुतवून धरलं. बाईंच्या मनगटावरून रक्त तिच्या हनुवटीवर आलं. बाई ओरडल्या नाहीत. दातांतून म्हणाल्या, "चाव. पायजे तेवढं चाव. कात्री तेवढी सोड."

तिनं सोडली. बाईंनी कात्री जप्त केली, हात कुणाच्या तरी ओढणीत गुंडाळला, नाझियाचं तोंड आपल्या पदरानं पुसलं आणि तिला समोर बसवलं. आमच्यातली एक डॉक्टरांना फोन लावत होती. बाई म्हणाल्या, "डॉक्टर येतील तोवर सांग. घरनं निघताना किती वाजले होते?" नाझिया हुंदके देत म्हणाली, "पावणेतीन." आणि मग तासभर बोलत राहिली. त्या दिवशी तिला दवाखान्यात भरती केलं. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा दारात दुपटं आपणच उलगडून उभी राहिली. त्यानंतर बाई बाळांचीही झडती घ्यायच्या, अगदी मोज्यांपर्यंत. "दुपटं तपासायचं राहिलं. माझी चूक," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

माझी पाळी एका रविवारी सकाळी आली. सासूबाईंनी लंगोटांची पिशवी धुवायला काढली. माझा नवरा अभय पेपर वाचत होता. त्यांनी ती पावती नेऊन त्याच्यापुढे धरली आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत त्याचा आवाज बसत गेला. "हे काय आहे? हे... हे तू बोललीस? बाहेर, लोकांसमोर?" मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी रेवाला पाळण्यातून उचललं होतं. "मी हिला घेऊन नाशिकला जाते. ताईकडे. आत्ताच्या आत्ता. अभय, गाडी काढ."

"आई बरोबर बोलतेय," अभय म्हणाला. "तू बरी होईपर्यंत. प्लीज, समजून घे."

मी समजून घेतलं नाही. ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं आणि फेकलं. ते त्याच्या भुवईवर बसलं. दूध आणि रक्त एकदमच खाली आलं, आणि तो भिंतीला धरून बसला. सासूबाईंनी रेवासकट बाथरूममध्ये जाऊन आतून कडी घातली. मी दारावर मुठी मारल्या, मग कपाळ मारलं. आत रेवा रडत होती आणि माझ्या अंगावरच्या कपड्यांतून दूध ठिबकत होतं. आयुष्यात मी एवढी हिंसक कधी झाले नव्हते, आणि ते दार उघडलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही. रेवाला मात्र काही केलं नसतं. हे मला तेव्हा पहिल्यांदा पक्कं कळलं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

पावतीवर बाईंचा फोन नंबर होता. एका हातानं भुवईवर टॉवेल दाबून अभयनं त्यांना फोन लावला, शिव्या द्यायला. बाईंनी शिव्या ऐकून घेतल्या आणि वीस मिनिटांत दारात उभ्या राहिल्या. आत येताच त्यांनी काय करावं, तर अभयची झडती घेतली. तो "अहो, अहो" करतोय तोवर खिशातली गाडीची किल्ली काढून बरोबर आणलेल्या स्टीलच्या डब्यात टाकली. मग माझे हात उलटसुलट करून पाहिले. मग बाथरूमच्या दारापाशी गेल्या. "आजीबाई, दार उघडा. पोरीला भूक लागलीय. भांडण नंतर करू."

"ती दाराशी असेपर्यंत मी उघडणार नाही," सासूबाई आतून म्हणाल्या.

"मी हिला धरून बसते. दोन्ही हात धरते. उघडा."

कडी निघाली. बाईंनी मला स्वयंपाकघरात भिंतीशी बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि खरंच माझी दोन्ही मनगटं धरली. सासूबाई रेवाला छातीशी घट्ट धरून दारात उभ्या राहिल्या. अभय म्हणाला, "तुम्हाला हे माहीत होतं. महिनाभर. आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत? काही झालं असतं म्हणजे?"

"डॉक्टरला त्याच दिवशी सांगितलं होतं. विचारा फोन करून. त्या म्हणाल्या, जिला असं दिसतं आणि जी दचकते, तिच्यापासून पोराला धोका नसतो, तिचाच जीव जातो भीतीनं. औषध वाढवलं, ते खातेय ती. तुम्हाला सांगायचं तिनं ठरवायचं होतं." मग म्हणाल्या, "कारण मी लिहिलं. ते लिहायला नको होतं. ती माझी चूक."

कसबेबाईंनी चूक कबूल केली, तरी सासूबाई हलल्या नाहीत. तेव्हा बाईंनी ती गोष्ट सांगितली. आमच्या गटातही त्यांनी ती कधी सांगितली नव्हती. गाव सांगितलं नाही, तुरुंग सांगितला नाही.

"एक बाई आणली होती. वीस दिवसांचं पोरगं विहिरीत टाकलेलं. स्वतः पण उडी घेतली होती, पण तिला लोकांनी काढली. झडती मी घेतली. तिच्याकडं काहीच न्हवतं. अंगावरचं पातळ दुधानं भिजलेलं. छाती बांधायला फडकं मागितलं तिनं. मी म्हटलं, पोराला मारताना कुठं गेलं होतं दूध? दोन दिवस ती मागायची, दोन दिवस मी तेच बोलायचे. बाकीच्या बायका हसायच्या. तिसऱ्या दिवशी मला दया आली. माझं जुनं पातळ फाडलं, अर्धं तिला दिलं. त्या फडक्यानं तिनं जीव दिला."

स्वयंपाकघरात सांडलेलं दूध तसंच होतं. अभयच्या टॉवेलवर डाग पसरत चालला होता.

"चौकशी झाली. फडकं कुणी दिलं, विचारलं. मी म्हटलं, मी. तिला बोललं कोण, ते कुणीच विचारलं न्हाई." बाईंनी माझी मनगटं सोडली. "कशानं, कुठं, किती वाजता, एवढं जरी मी विचारलं असतं तिला. तिला सांगायचं असणार. मी झडती घेतली नुसती."

मग त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पोरगी नाशिकला नेली तर ही उरत न्हाई. मी बघितलंय ते. बाळ आईजवळच राहील. मी दारात बसते. आठ दिवस, एक ते पाच. काही झालं तर मला धरा."

 सासूबाईंनी रेवाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेल्या. अभयच्या भुवईला चार टाके पडले. डॉक्टरांनी त्याच्याशी आणि सासूबाईंशी दोन तास बोलून घेतलं. त्या टाक्यांचा वण आजही दिसतो, आणि अभय कुणी विचारलं तर सांगतो, "दूध उतू गेलं."

दुसऱ्या दिवसापासून बाई आमच्या बेडरूमच्या दारात ड्यूटीला बसू लागल्या. विहारातली आपली प्लास्टिकची खुर्ची त्यांनी रिक्षातून आणली होती. मधल्या शनिवारची दुपार तेवढी आम्ही तिघींनी विहारात काढली. दार अर्धं उघडं, आत मी आणि रेवा. दर अर्ध्या तासानं बाहेरून आवाज यायचा, "काय चाललंय?" मी सांगायचे, "पाजतेय." "काय चाललंय?" "लंगोट बदलतेय." "काय चाललंय?" "काही नाही, रडतेय मी." "रड. पोरगी कुठं हाय?" "मांडीवर." "बरं."

सासूबाई त्यांना चहा नेऊन द्यायच्या आणि दोघींचं जुंपायचं. सासूबाईंचं म्हणणं, मिरच्या वाटून एव्हाना झाल्या असतील. बाईंचं म्हणणं, या घरातली चटणी मिक्सरमध्येही वाईटच होते. पाचव्या दिवशी सासूबाईंनी हळूच विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं हो?" बाईंनी कप खाली ठेवला. "सांगंन कधीतरी," म्हणाल्या. मी आतून ऐकत होते. त्यांच्या आवाजात मला भीती ऐकू आली ती एकदाच.

आठव्या दिवशी रेवा पाजताना झोपली. तिचं डोकं माझ्या दंडावर होतं, जिथे माझे दात उमटले होते त्याच जागी. तिच्या टाळूवरची कातडी धपधप हलत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. काही दिसतंय का, याची वाट पाहिली. मग माझाही डोळा लागला. जागी झाले तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं होतं. पाच वाजून गेले होते. रेवा जागी होती आणि माझ्या गळ्यातल्या दोऱ्याशी खेळत होती. मी हाक मारली, "बाई, रेवा उठलीय." उत्तर आलं नाही.

दारात खुर्ची रिकामी होती. सासूबाई हॉलमध्ये टीव्ही बघत होत्या. "त्या? त्या तर दीडलाच गेल्या," त्या म्हणाल्या.

"मग दारात कोण होतं?"

"कुणी नाही."

"आणि तुम्ही?"

"मी मालिका बघत होते," सासूबाई म्हणाल्या आणि आवाज वाढवला. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहू नये म्हणून. मी रेवाला कडेवर घेऊन त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. साडेतीन तास मी माझ्या मुलीबरोबर एकटी होते. माझ्या हातून काहीही झालं नव्हतं. मी त्या खुर्चीवर बसून इतकी रडले की रेवा दचकून माझ्याकडे बघायला लागली.

शनिवारी मी बाईंवर चिडले. "न सांगता गेलात? मला काही झालं असतं म्हणजे?"

"सांगून गेले असते, तर घड्याळ बघत बसली असतीस," बाई म्हणाल्या. "झाली तुझी सुटका. दगड घेऊन जा उद्या."

मी नेला नाही. राहू दे म्हटलं. मला वरवंट्याची भीती उरली नव्हती, पण तो त्यांच्या कपाटात असला की माझं त्यांच्याकडे काहीतरी आहे असं वाटायचं. पुढची तीन वर्षं बाई मला दर महिन्याला ऐकवायच्या, "मी काय भांड्याचं दुकान काढलंय? फळी वाकली माझी." मी कामावर परत गेले. शनिवार मात्र सोडला नाही. सासूबाई मिक्सरची चटणी खाऊ लागल्या, नाक मुरडून.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. छातीत दुखत होतं, दोन दिवस. कुणाला सांगितलं नाही. सकाळी विहार झाडलेला नाही म्हणून शेजारी बघायला गेले. जगाला कशानं, कुठं, किती वाजता विचारणाऱ्या बाईनं स्वतःची जबानी दिली नाही, याचा मला भयंकर राग आला. जळगावहून त्यांची भाची आली होती, तिच्यादेखत मी त्या लोखंडी कपाटावर लाथ मारली. पायाचं तेच बोट पुन्हा दुखावलं. भाची बिचारी घाबरली. नाझिया तिला म्हणाली, "कुछ नहीं, ताई. ही अशीच आहे. बाईंना चालायचं."

कपाट आम्हीच रिकामं केलं. ज्या येऊ शकल्या त्या आपापलं घेऊन गेल्या. नाझियानं सासऱ्यांची मोठी कात्री घेतली. ती आता स्वतः ब्लाऊज शिवते, तिच्याकडे पंधरा दिवसांची रांग असते. तिच्या कात्रीवरच्या चिठ्ठीत कारण लिहिलेलं नव्हतं. मग मी पाहिलं, माझ्या नंतरच्या एकाही चिठ्ठीत कारण नव्हतं. माझा वरवंटा सगळ्यांत खाली होता, आणि त्याच्याखाली घडी घातलेलं एक विटकं फडकं. हिरव्या पातळाचं, एका बाजूनं फाडलेलं. त्यालाही चिठ्ठी होती, सगळ्यांत जुनी, पिवळी पडलेली. 'फडकं, अर्धं. मालकीण, शेवंता. कारण, मी.' परत करण्याच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं.

वरवंटा मी घरी आणला. सासूबाईंनी तो हातात घेतला, धुतला आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला चटणी वाटायला बसल्या. रेवा त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि दाणे खाऊ लागली. सासूबाईंना मी ते नाव सांगितलं. "शेवंता," त्या वाटता वाटता म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा म्हणाल्या. फडकं मी कुणाला दिलं नाही. ते आता बाईंच्या स्टीलच्या डब्यात तळाशी असतं आणि तो डबा माझ्याकडे आहे.

शनिवारी दारातल्या त्या खुर्चीवर मी बसते. मला बाईंसारखं जमत नाही. माझा हात हलका आहे आणि जीभ जास्त चालते. गेल्या शनिवारी एक नवी मुलगी आली, विशीतली, बाळ सासरी ठेवून. मी तिची पर्स उपडी केली तशी ती माझ्यावर ओरडली, मला कैदी समजता का म्हणाली, पर्स हिसकायला गेली आणि तिची नखं माझ्या गालावर उठली. मी ओरडू दिलं. ती थकून पायरीवर बसली, तेव्हा मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "कशानं? कुठं? किती वाजता?"

 तिनं जमिनीकडे बघत तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली, आणि एकदम माझा हात धरून म्हणाली, "आता तुम्ही घरी सांगणार. माझं बाळ काढून घेणार ना?"

"नाही," मी म्हटलं. "बाळ तुझ्याजवळच राहील. मी दारात बसते."